सासूबाईंचं स्थलांतर

ते पत्रक घरोघर पडलं त्या दिवशी पोझ्झुओली गावात त्याचे नाना उपयोग झाले. अनिएल्लो मासेवाल्याने त्यात मांदेली बांधून दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर गाउदिओझोंनी लाल पेनाने त्यातल्या चुका काढल्या. चौथ्या मजल्यावर एर्मिनियाने ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. वाचलं मात्र एकाच माणसाने, तिच्या नवऱ्याने, आणि त्यासाठी त्याला टेबल उचलावं लागलं.

प्रोकोलो इल्लियानो अडतीस वर्षं शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क होता. छापील कागद दिसला की तो उभा राहून वाचायचा. बसून वाचणं त्याला उद्धटपणाचं वाटे. पत्रकात लिहिलं होतं की ज्वालामुखी जागा होण्याची लक्षणं दिसली तर बहात्तर तासांत सगळं गाव रिकामं केलं जाईल, तरी प्रत्येक कुटुंबाने आवश्यक वस्तूंची एक पिशवी भरून दाराजवळ ठेवावी.

ज्वालामुखी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर येतो, वर धूर, पायथ्याशी गाव. इथे डोंगर नाही. इथे गावच त्याच्या तोंडात बसलंय, तेही पोरंबाळं, चर्च आणि मासळीबाजारासकट. पलीकडे दिसणारा व्हेसुव्हियस याच्यापुढे घरगुती शेगडी. जमीन महिन्याला बोटाच्या जाडीएवढी वर येते, त्यामुळे बंदरातलं पाणी मागे सरलंय आणि अनिएल्लोची होडी चिखलात बसून असते. दिवसातून दोन-तीनदा कपाटातल्या बश्या वाजतात. बश्या वाजल्या की लोक हातातलं काम न थांबवता भूकंपाचा आकडा सांगतात. "दीड." "हट, दोनच्या खाली नाही." मग फोनमध्ये बघतात, आणि ज्याचा आकडा बरोबर येतो तो दिवसभर जरा ताठ चालतो.

अशा गावात प्रोकोलोने गंभीरपणे पिशवी भरायला घेतली.

"एक पिशवी," तो म्हणाला.

"कुणाची?" एर्मिनियाने विचारलं.

"तिघांची मिळून. तुझी, माझी आणि आईंची."

एर्मिनियाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. बहिणीकडे सालेर्नोला दोन दिवस जायचं तरी तिला दोन बॅगा लागत. पण ती भांडली नाही. तिने शांतपणे कॉफीचं भांडं पिशवीत ठेवलं. मग आणखी एक ठेवलं, मोठं.

"दोन कशाला?"

"कुणी आलं-गेलं तर?"

"एर्मिनिया, आपण निर्वासित असणार. निर्वासितांकडे कोण येणार?"

"बाकीचे निर्वासित. आणि त्यांना काय तीनजणांची कॉफी सहाजणांत वाटून देऊ? इल्लियानोंकडे गेलो होतो, घोटभर मिळाली, असं सांगतील गावभर."

"गाव असेल तर."

"गाव नसलं तरी सांगतील. तू ओळखत नाहीस त्यांना."

योजनेनुसार गावची रवानगी उत्तरेला, मिलानच्या बाजूला होणार होती. हे कळल्यावर एर्मिनियाने पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या, कारण तिकडच्या पाण्याने कॉफीला चव येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग टोमॅटोच्या रसाच्या बरण्या गेल्या. मग संत प्रोकोलोची तसबीर गेली. आपल्याच नावाच्या संताला मागे ठेवून जायला नवऱ्याचंच मन धजेना. शेवटी प्रोकोलोने पिशवी उचलायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या कमरेतून जो आवाज आला त्याला एर्मिनियाने सवयीने "एक पॉइंट दोन" म्हटलं.

म्हणून चाकं हवीत असं ठरलं. बाजाराची एक भक्कम ढकलगाडी आणली, तिच्यात सगळं रचलं आणि सराव म्हणून प्रोकोलो ती लिफ्टमध्ये घालायला गेला. गाडी अर्धी आत गेली. उरलेली अर्धी आत जाईना आणि आत गेलेली बाहेर येईना. दार मिटायचा प्रयत्न करून करून लिफ्टने शेवटी जीव सोडला. गाडी दुपारपर्यंत निघाली, लिफ्ट मात्र तीन आठवडे निघाली नाही. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: "लिफ्ट बंद. कारण: डॉन प्रोकोलो." (त्या गावात पेन्शन सुरू झालेल्या कुठल्याही माणसाला डॉन म्हणतात. त्याचा पिस्तुलाशी संबंध नसतो.) अक्षर कुणाचं, हे ओळखायचा प्रोकोलोने पुष्कळ प्रयत्न केला. आयुष्यभर त्याने लोकांचे अर्ज तपासले होते; स्वतःचं नाव कारणाच्या रकान्यात तो पहिल्यांदाच वाचत होता.

सल्ला द्यायला इंजिनियर गाउदिओझो हजर झाले. हे गृहस्थ मूळचे जमिनी मोजणारे. पण एकदा कुणीतरी इंजिनियर म्हटलं, त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, आणि आता तीस वर्षांनी दुरुस्त करायची कुणाची हिंमत नव्हती.

"तुम्हाला राख म्हणजे काय कल्पना आहे, डॉन प्रोकोलो? चुलीतली राख नव्हे. दगडाचा भुगा. गच्चीवर दोन वीत साचली आणि वर पाऊस पडला, की गच्ची खाली. छातीत गेली, की माणूस खाली. आणि गरम धुराचा लोट आला तर तो मोटारीपेक्षा जोरात पळतो."

"मग करायचं काय?"

"त्याच्या आधी निघायचं."

"पत्रकात तेच तर लिहिलंय."

"पत्रकात व्याकरणाच्या चुका आहेत," इंजिनियर म्हणाले आणि कॉफी पिऊन गेले.

खरी अडचण पिशवीची नव्हतीच. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती आणि तिचं नाव दोन्ना रेस्तितूता होतं. एर्मिनियाची आई. वय अठ्ठ्याऐंशी, दात स्वतःचे, मतं त्याहून स्वतःची. पिशवी भरताना तिने एकही वस्तू दिली नव्हती.

"आई, तुमचं काय ठेवायचं?" प्रोकोलोने विचारलं होतं.

"माझं काही नको. मी येत नाही."

"अहो, ज्वालामुखी फुटला तर—"

"तुम्ही जाऊन या. मी घर बघते."

हा मामला कागदावर आणला तर सुटेल असं प्रोकोलोला वाटलं. त्याला सगळंच तसं वाटे. जुन्या व्यायामशाळेत नोंदणीची तात्पुरती खिडकी उघडली होती. ती नेमकी कुठल्या खात्याची, हे खिडकीतल्या बाईंनाही नीट ठाऊक नव्हतं. कोण स्वतःच्या मोटारीने जाणार, कोणाला बस हवी, हे तिथे नोंदवायचं. प्रोकोलोने बस लिहिली. त्याच्या मोटारीवर त्याचाच विश्वास नव्हता.

"तुम्ही दोघं झालात," बाई म्हणाल्या. "पण या रेस्तितूताबाईंना हलवता येणार नाही."

"का? तब्येत ठणठणीत आहे."

"त्या आधीच हलवलेल्या आहेत. मार्च १९७०. जुन्या टेकडीवरच्या वस्तीतून. स्थिती: तात्पुरत्या स्थलांतरित." बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. "स्थलांतरिताचं स्थलांतर करायला आमच्याकडे रकाना नाही. आधी त्यांना परत जावं लागेल."

"कुठे?"

"होत्या तिथे."

"बाई, तिथे आता लोक तिकीट काढून जुने दगड बघायला जातात."

"मग त्यांनी स्वतः सही करून लिहून द्यावं, की त्या नव्याने निघायला तयार आहेत."

प्रोकोलोने नवा अर्ज घरी आणला. दोन्ना रेस्तितूताने तो चष्मा लावून वाचला, 'कुठे जाऊ इच्छिता' या ओळीवर ठसठशीत अक्षरात "घरी" लिहिलं आणि सही न करता परत दिला. बाईंनी यादी तपासून सांगितलं की घर हे ठिकाण मंजूर यादीत नाही. पुन्हा नवा अर्ज. असं पाच वेळा झालं.

आता रिकामा पेन्शनर माणूस आठवड्यात पाच वेळा ज्वालामुखीच्या खिडकीवर जातो, म्हटल्यावर बाकीच्यांनी काय समजायचं?

"डॉन प्रोकोलो," अनिएल्लो मासा तोलता तोलता हळूच म्हणाला, "माझ्यापासून काय लपवता? कधी आहे?"

"मला खरंच काही माहीत नाही."

"म्हणजे फारच जवळ आहे," अनिएल्लो म्हणाला आणि तागडीवर क्रूसाची खूण केली.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाने मुलीचं लग्न दोन महिने अलीकडे ओढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जन्मभर सांभाळलेल्या चिनीमातीच्या कपबश्या रोजच्या वापराला काढल्या. रविवारी जिन्यातच सभा भरली आणि इमारतीची एक रंगीत तालीम करायची, येत्या शनिवारी सकाळी, असं ठरलं. कप्तान म्हणून प्रोकोलो एकमताने निवडून आला. इंजिनियरांनी विरोधात हात वर केला होता, पण तो प्रश्न विचारायला केलाय असं समजून कुणी मोजला नाही. प्रोकोलोच्या गळ्यात शिट्टी आली. शिट्टी वाजली की पिशवी घ्यायची, म्हाताऱ्यांना आधी उतरवायचं, आणि कप्तान सगळ्यांच्या शेवटी खाली येणार. हे शेवटचं वाक्य त्याने स्वतः सुचवलं होतं आणि दोनदा वाचून दाखवलं होतं.

गुरुवारी सकाळी तो दाढी करत होता. आधी आवाज आला, जमिनीखालून कुणी लोखंडी कपाट ओढत नेल्यासारखा. मग आरसा भिंतीवरून निघाला. या वेळी कुणी आकडा सांगितला नाही.

पुढचं प्रोकोलोला सलग आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो रस्त्यावर उभा होता, अर्ध्या तोंडाला साबण, हातात ब्रश, गळ्यात शिट्टी. मागून इमारत उतरत होती: नाइटगाउन, चपला, कुणाच्या हातात मांजर, इंजिनियरांच्या हातात काहीच नाही. एकाही माणसाने पिशवी आणली नव्हती.

"बघा बघा," अनिएल्लो दुकानातून म्हणाला, "कप्तान पहिला!"

लोक हसले. भीती उतरताना माणसं हसतात तसं, मोठ्याने. प्रोकोलोही हसायला गेला. तेवढ्यात शेजारच्या दारातून एर्मिनिया बाहेर आली, धापा टाकत, हातात पावाची पिशवी. ती तळमजल्यावरच्या बेकरीत गेली होती.

"आई कुठाय?" तिने विचारलं.

हसणं थांबलं.

प्रोकोलो वळला. चार मजले, आणि लिफ्ट बंद. कारण त्याला पाठ होतं. दर जिन्याला गुडघे म्हणत होते की जरा थांब, आणि तो म्हणत होता की नाही.

दोन्ना रेस्तितूता खुर्चीतच होती. कपाटाचं दार उघडं पडलं होतं, तीन बश्या फुटल्या होत्या, आणि ती मांडीवर परात घेऊन पालेभाजी निवडत होती. देठ बरोबर जागी मोडत होते.

"साबण वाळलाय तुझा," ती म्हणाली.

प्रोकोलो दारात उभा राहिला. कारणाचा रकाना त्याने कोरा सोडला.

"मी तुम्हाला सोडून पळालो, आई."

"हं. पाहिलं मी. वयाच्या मानाने चांगला पळतोस." तिने एक देठ मोडला. "बस. खरं बोललास, बरं वाटलं. ते सैनिक खोटं बोलले होते."

"कुठले सैनिक?"

"तेव्हाचे. एर्मिनिया काखेत होती. एक पोरगेलासा शिपाई दारात आला, म्हणाला, चला बाई, चार दिवसांत परत आणतो. मी घेवडा भिजत घातला होता. मी त्याला झाकणसुद्धा घातलं नाही रे. म्हटलं, चार दिवसांचाच प्रश्न. नंतर कितीतरी वर्षं मला त्या भांड्याचं वाटायचं. एवढं घर गेलं, गल्ली गेली, आणि मी आपली विचार करतेय की पाणी नासलं असेल." ती हसली. "मला ज्वालामुखीचं भय नाही, प्रोकोलो. फुटायचा तेव्हा फुटेल. तुझे सगळे अर्ज मी वाचले. कधी निघायचं आहे, कशाने निघायचं आहे, पोचायचं कुठे, सगळं आहे. परत कधी आणणार, ते कुठेच नाही."

प्रोकोलोने तोंड धुतलं, खणातून पट्टी काढली, बारीक टोकाची पेन्सिल काढली आणि कोरा अर्ज टेबलावर ठेवला.

अडतीस वर्षांत त्याने छापील रेघेबाहेर टिंबसुद्धा दिलं नव्हतं. आता त्याने अर्जाच्या उजव्या कडेला दोन उभ्या रेघा ओढल्या, वर छापल्यासारख्या अक्षरांत "परतीची तारीख" असं लिहिलं, पेन्सिलीच्या खुणांवर शाई फिरवली आणि फुंकर मारली. खाली लिहिलं: "धोका टळल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी का?" दोन्ना रेस्तितूता खांद्यावरून बघत होती. "त्याच दिवशी."

खाडाखोड चालत नसल्यामुळे त्याने दुसरा अर्ज घेतला आणि सगळं पहिल्यापासून काढलं. तिने सही केली. सहीखाली रेघ ओढली, दोन वेळा.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"हा रकाना नवीन आलाय?"

"आलाय," प्रोकोलो म्हणाला. कान तापले, पण आवाज हलला नाही.

"आम्हाला अजून कळवलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, रेघांवरून बोट फिरवत, "पण पाहिजेच होता," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

शनिवारी तालीम झाली. प्रोकोलोने शिट्टी वाजवली आणि यावेळी तो खरंच शेवटी उतरला. त्यामुळे खाली चौकात काय झालं ते त्याला दिसलं नाही. जिन्यात लग्नघरचे लोक नवरीचा पोशाख सुरकुतू नये म्हणून आडवा धरून उतरत होते, त्यांच्या मागे बाकी सगळे अडकले, आणि दुसऱ्या मजल्यावर चिनीमातीची पेटी आधी की माणसं आधी यावर वाद झाला. चौकातल्या थांब्यावर कप्तान पोचला तो पंचवीस मिनिटांनी, ढकलगाडीसकट, घामाघूम. इंजिनियर घड्याळ धरून उभे होते.

"आपण सगळे मेलो," ते समाधानाने म्हणाले.

प्रोकोलोने डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली.

"आई कुठायत?"

"त्या केव्हाच पोचल्या," अनिएल्लो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी, आठलाच. स्वतः जिना उतरून आल्या, टोपी-बिपी घालून. मग बस आली, गेल्या."

"कुठली बस?"

"हिरवी. मीच हात दिला चढायला."

"अरे, तालमीत बस नव्हती! बस फक्त आहे असं समजायचं होतं!"

"ते मला काय माहीत? बस दिसली, बाई दिसल्या. तुम्हीच म्हणालात ना, बसमध्ये चढताना कुणी वाद घालायचा नाही."

प्रोकोलोने सासूबाईंना फोन लावला. ढकलगाडीत, दोन कॉफीच्या भांड्यांमध्ये, फोन वाजायला लागला.

एर्मिनियाने आधी तोंडावर हात धरला. मग तिला हसू यायला लागलं आणि ते थांबेना; ती फुटपाथवर पिशवीवर बसून हसत राहिली, डोळे पुसत. "पळवून नेली," ती म्हणत होती, "माझी आई पळवून नेली." प्रोकोलोला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तो समोरच्या चहा-कॉफीच्या दुकानात धावला, तिथून चर्चमध्ये, तिथून पाद्रीबाबांच्या बहिणीकडे, आणि तासाभराने थांगपत्ता लागला. ती मोंतेव्हेर्जिनेच्या डोंगरावरच्या मेरीमातेला निघालेली चर्चची सहल होती. सहलीच्या बाईंशी फोनवर बोलणं झालं.

"हो हो, एक आजी जास्त आहेत खऱ्या," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, यादीत आहात का? म्हणाल्या, सही केलीय. आमची एकजण आजारी पडली, तिची जागा होतीच. काळजी करू नका, छान चाललंय. आत्ता जेवतायत. दुसऱ्यांदा वाढून घेतलंय."

"त्यांना सांगा की ही तालीम—"

"हॅलो? डोंगरात आवाज तुटतोय," बाई म्हणाल्या, आणि तुटलाच.

दुपारभर इमारत चौकातच राहिली. परत वर जायचं म्हणजे सामान चढवायचं, आणि लिफ्ट बंद. एर्मिनियाने दोन्ही कॉफीची भांडी काढली. दुकानदाराने शेगडी दिली. टोमॅटोच्या बरण्या उघडल्या, अनिएल्लोने मासे तळले, नवरीकडच्यांनी लग्नाची बडीशेपेची दारू फोडली. इंजिनियरांनी राखेवर भाषण केलं आणि पहिल्यांदाच लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण तोंडं भरलेली होती. प्रोकोलो मात्र रस्त्याकडे तोंड करून बसला होता. कॉफी थंड झाली तरी त्याने कप उचलला नाही.

सहाच्या सुमारास हिरवी बस वळणावर आली. दार उघडलं. दोन्ना रेस्तितूता पायरीवर उभी राहिली, टोपी जराशी तिरकी, हातात नुगाच्या मिठाईची पेटी आणि चेस्टनटची माळ. तिने आधी इमारतीकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, एकेक मजला. मग चौथ्या मजल्यावरची स्वतःची खिडकी, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. तिथे तिची नजर जरा थांबली. प्रोकोलोने हात पुढे केला, तिने तो धरला आणि घट्ट दाबला.

"आई, आम्ही किती घाबरलो होतो," तो म्हणाला.

"कशाला?" ती म्हणाली. "चांगली माणसं होती. गाणी म्हणतात वाटेत." तिने नुगाची पेटी त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत खाली उतरली. "पण पुढच्या वेळी खिडकीकडची जागा धर. आज मला चाकावर बसवलं, सगळे दणके मलाच बसले."